आंधळी दांडी

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी दोन घासांच्या मधे अंगणात एक चक्कर मारून आल्याशिवाय तिचं जेवण व्हायचं नाही, म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. चाळिशी उलटली तरी ते तिला चिकटून होतं. आणि अशी ही बाई विकायची काय, तर गळ, दोर, रिळं आणि दांड्या. ज्या नादात माणसाला अर्धा दिवस पाण्याकडे बघत मुकाट बसावं लागतं, त्या नादाचं सामान. स्वतः ती कधी गळ टाकायला बसली नाही. "म्हणून तर दुकान चालतं," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "बाबा गल्ल्यावर होते तेव्हा दाराला कायम कुलूप. कुठे गेले, तर म्हणे माल तपासायला!"

बाबांचं ते माल तपासणं दोन वर्षांपूर्वी थांबलं. एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखाना, व्यायाम, चिडचिड, पुन्हा व्यायाम असं करत करत पाय उभा राहिला, जीभ वळली, हातही हलू लागला. कप धरता यायचा, शर्टाची बटणं लावता यायची. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग बाबा आपली जुनी दांडी घेऊन तळ्यावर गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी दांडी कपाटामागे उभी केली.

"जीव गेला तिचा," ते म्हणाले. "मासा येतो, आमिष खातो, ढेकर देऊन जातो, आणि ही मला काही सांगतच नाही. आंधळी झालीय."

भिंगरीने दुकानातली नवी दांडी दिली. मग त्याहून भारी दिली. बाबा दर वेळी परत आणून द्यायचे. "हीपण आंधळीच. हल्ली सगळ्या एकाच माळेचे मणी." शेवटी त्यांनी तळ्याचं नावच टाकलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले. पाण्याकाठी तासन्‌तास न हलणारा माणूस तिने जन्मभर पाहिला होता. पण घरात न हलणारा माणूस तिला बघवेना. ती सकाळी दुकान उघडायला निघे तेव्हा ते ज्या बाजूला मान करून बसलेले असत, दुपारी ती जेवायला येई तेव्हाही मान त्याच बाजूला असे.

दुकानाचंही काही बरं चाललं नव्हतं. माणसं यायची, दांडी हातात घ्यायची, वाकवून बघायची, शेंडा किती लवतो ते विचारायची आणि तीच दांडी फोनवरून मागवायची. हात लावायला दुकान आणि विकत घ्यायला फोन. एके दिवशी अशाच एका गिऱ्हाइकाला चार दांड्या काढून दाखवून झाल्यावर तिने त्या परत खुंटीला अडकवल्याच नाहीत. शटर अर्धं ओढलं, घरी आली आणि जिन्यातूनच ओरडली, "आपण आपली दांडी काढायची!"

तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला नाही. "काढायची म्हणजे? कुठून?"

"करून घ्यायची. कारखान्यातून. आपल्या नावाची. दुसरीकडे मिळणारच नाही अशी. आणि बाबांना चालेल अशी."

"यातलं नक्की कोणतं?" नवऱ्याने विचारलं. पण ती तोवर फोन शोधायला आत गेली होती.

बाबांचं नाव दांडीवर घालावं असं तिच्या मनात होतं. बाबांनी साफ मोडता घातला. "नको. उद्या दांडी तुटली की लोक म्हणतील, म्हातारा तुटला." मग नवऱ्याने एक खंड्या पक्षी रेखाटला, चोच पाण्याकडे रोखलेला, आणि नावही तेच ठरलं : खंड्या.

कारखाना दुसऱ्या गावाला होता, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बाहेरून कोठारासारखा दिसे, आत गेलं की डिंकाचा आणि भाजलेल्या रंगाचा उग्र वास. मालक साठीचा, कानामागे पेन्सिल खोचलेला, सतत कुणाला तरी हाक मारत बोलणारा माणूस होता. त्याने तिला सगळं फिरून दाखवलं. कार्बनच्या तंतूंचं काळं कापड निमुळत्या सळईवर गुंडाळायचं, वरून पट्टी आवळायची, भट्टीत भाजायचं, मग आतली सळई ओढून काढायची. उरते ती पोकळ दांडी. शेवटच्या दालनात दोर ओवायच्या कड्या बसवलेल्या दांड्या आडव्या ओळीत होत्या आणि एका मोटरवर अगदी सावकाश गोल फिरत होत्या, वरचा लेप सगळीकडे सारखा बसावा म्हणून.

"किती वेळ फिरतात?" तिने विचारलं.

"वाळेपर्यंत. थांबवल्या की एका बाजूला थेंब जमतो."

"माझ्यासारख्याच," ती म्हणाली.

मालकाच्या खोलीतल्या भिंतीवर तऱ्हेतऱ्हेच्या नावांच्या दांड्या टांगलेल्या होत्या. त्यातली निम्मी नावं तिच्या दुकानात होती. तिने एक खाली काढली, दुसरी काढली, दोन्हींची टोकं वाकवून पाहिली आणि मालकाकडे वळली. "या दोन्ही एकच आहेत!"

"रंग वेगळा आहे ना," मालक शांतपणे म्हणाला.

"अहो, मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना शपथेवर सांगतेय की ही त्याच्यापेक्षा उजवी!"

"मग काय झालं? खपल्या ना? बाई, या धंद्यात दांडी आमची, नाव तुमचं. रंग निवडा, चित्र द्या आणि निवांत घरी जा."

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मला नकोय. मला शेंडा वेगळा पाहिजे. माशाने नुसतं तोंड लावलं तरी मुठीत कळलं पाहिजे. मूठ जाड पाहिजे, हातात बसणारी. आणि वजन कमी."

मालकाने कानामागची पेन्सिल काढली. वेगळी दांडी म्हणजे वेगळी सळई, वेगळी कापणी. नमुने करायचे, तपासायचे, आणि पसंत पडल्यावर माल मोजका घेऊन चालणार नाही, चांगला लॉट उचलावा लागेल. "आणि घाई करायची नाही," तो म्हणाला. भिंगरी सगळ्याला हो म्हणाली. घाईचं तेवढं तिला ऐकूच आलं नाही.

परतल्यापासून तिला एका जागी चैन पडेना. कारखान्यात रोज फोन. कापड कापलं का? भट्टीत गेली का? मालक आधी उत्तरं द्यायचा, मग नुसताच "होतंय" म्हणायचा, मग त्याने फोन कामगारांकडे द्यायला सुरुवात केली. दुकानात तिने खुंट्या बदलल्या, काचेचं कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं आणि परत आणलं. गिऱ्हाइकांना ती आपणहून सांगायची, "थांबा जरा, आमची स्वतःची येतेय." नवरा म्हणाला, "बाजारात तुरी म्हणतात ते हेच." पण लेबलाची अक्षरं तो तिच्यासाठी पुन्हा पुन्हा काढून देत राहिला.

पहिला नमुना आला तेव्हा तिने खोकं दारातच फाडलं. सडपातळ काळी दांडी, मूठ भरदार. तिच्या हाताला ती छान वाटली. दांडी उचलून ती बाबांना हाताला धरून तळ्यावर घेऊन गेली, जवळजवळ ओढतच. बाबांनी दोर टाकला. बराच वेळ गेला. भिंगरी काठाने येरझारा घालत होती. दोराला बांधलेला तरंगा दोनदा बुडाला, तिने पाहिला. बाबा नेहमीसारखे डोळे मिटून, बोटाच्या भरवशावर, ढिम्म. मग त्यांनी दोर गुंडाळला. गळावरचं आमिष साफ झालेलं होतं.

"आंधळी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या नमुन्यात शेंडा आणखी बारीक करून घेतला. तीच गत. तिने मालकाला फोन केला.

"आंधळी म्हणजे काय?" मालक वैतागला. "मला मापात सांगा. शेंडा किती बारीक, वाक किती, वजन किती. आंधळी, बहिरी, लंगडी असली मापं माझ्याकडे नाहीत."

"माझे वडील जन्मभर हेच करत आले. ते म्हणतात कळत नाही, म्हणजे कळत नाही!"

"माझ्या इथल्या तिघांनी तपासली. तिघांना कळलं."

"तुमच्या तिघांना पगार मिळतो कळायचा!"

फोन पलीकडून आदळला गेला. भिंगरी दुकानात इकडून तिकडे फिरली, बाहेर रस्त्यावर आली, पुन्हा आत गेली. आपण तोंड सोडायला नको होतं हे तिला कळत होतं, आणि आपलंच बरोबर आहे हेही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिने माफी मागून तिसरा नमुना करायला सांगितला आणि वर म्हणाली, "या वेळी मी वडिलांनाच घेऊन येते. तुम्ही त्यांच्याशी बोला."

बाबा यायला तयार नव्हते. "मला काय तिकडे प्रदर्शनात ठेवायचंय का?" पण तिने त्यांचे बूट आणून समोर ठेवले, कोट आणला, आणि ते कोट घालेपर्यंत दारात उभी राहिली. बसमध्ये बाबांना खिडकी दिली. घराबाहेर एवढ्या लांब ते बऱ्याच दिवसांनी पडले होते. वाटेत कुठे पाणी दिसलं की त्यांची मान वळायची.

कारखान्याच्या नमुन्याच्या खोलीत एक लांब टेबल होतं, वर तिन्ही दांड्या. मालकाने बाबांना खुर्ची दिली, स्वतः समोर बसला. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की भिंगरीला वाटलं, आता जुंपणार. आणि जुंपलीच.

"ही घ्या तिसरी," मालक म्हणाला. "याच्यापुढे शेंडा बारीक केला तर माशाची गरज नाही, वाऱ्यानेच मोडेल."

बाबांनी दांडी उजव्या हातात धरली, समोर आडवी केली. रीळ लावलेलं होतं, दोर कड्यांतून ओवून शेंड्यातून खाली लोंबत होता. "वजन बरं आहे," ते म्हणाले. "पण शेठ, वजनाने मासा मिळत नाही."

"मग कशाने मिळतो?"

"सांगतो ना. ऐका."

बाबा बोलू लागले. रंगात आले. किती तरी दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. भिंगरीला खुर्ची दिली होती, पण ती बसली नव्हती. तिने भिंतीवरच्या कड्यांचे नमुने पाहिले, खिडकीतून मागच्या अंगणात डोकावलं, मग टेबलाला वळसा घालून दांडीच्या टोकापाशी येऊन उभी राहिली. लोंबणारा दोर तिच्या बोटांशी आला. बोटांना काही तरी चाळा हवाच होता. तिने तो हलकेच ओढला, सोडला. पुन्हा ओढला.

"मासा आधी नुसतं हुंगतो," बाबा मालकाच्या डोळ्यांत बघत सांगत होते. "मग ओठ लावतो. त्या वेळी बोटाला कळायला पाहिजे. नंतर कळून काय उपयोग? बोटाला कळायला पाहिजे!"

तिच्या हातातला दोर ताणला होता. शेंडा चांगला बोटभर खाली लवला होता आणि थरथरत होता. बाबांचा हात तसाच, त्यांचा चेहरा तसाच. ते बोलतच होते.

तिने पुन्हा ओढलं, थोडं जोरात. टक, टक. अगदी भुकेल्या माशासारखं.

"बोटाला," बाबा म्हणाले.

तिने वर पाहिलं. मालक तिच्या हाताकडे बघत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. एक शब्द बोलला असता तर सगळं भांडण तिथेच जिंकला असता. इतक्या फोनांचा, इतक्या टोमण्यांचा हिशेब चुकता झाला असता. पण त्याने नजर खाली वळवली आणि टेबलावरचा नसलेला कचरा हाताने झाडू लागला.

त्याची ती नजर बाबांनी पकडली. ते थांबले, वळले. दांडीचा लवलेला शेंडा आणि दोर धरलेला लेकीचा हात त्यांना दिसला.

खोलीत पलीकडच्या मोटरचा आवाज येत राहिला.

"कधीपासून ओढतेयस?" बाबांनी विचारलं.

भिंगरीला खोटं बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं, की आत्ताच. पण बाबांसमोर तिला कधी खोटं जमलं नव्हतं. "बराच वेळ झाला," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. "परत कर."

तिने ओढलं.

"केलंस?"

"केलं, बाबा."

"आता जोरात."

तिने जोरात ओढलं. सगळी दांडी हलली तेव्हा त्यांचा खांदा किंचित पुढे आला. "हं. खांद्याला कळलं," ते म्हणाले. मग डोळे न उघडताच त्यांनी दांडी डाव्या हातात घेतली. ती धरताना ते अवघडले, मूठ उलटसुलट फिरवून पाहिली. "आता कर. अगदी हळू."

तिने दोराला नुसतं नख लावलं.

"कळलं," ते म्हणाले. आणखी एकदा नख. "कळलं. स्पष्ट." त्यांनी डोळे उघडले आणि आपला उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो कुणी परका माणूस तिथे विसरून गेला होता. "इतके दिवस हा कप उचलतोय, बटणं लावतोय. हलतोय म्हणजे बरा आहे असंच आपण धरून चाललो. मलाही वाटलं नाही हो, की हा आतून..."

मालक उठला. बाहेर जाऊन त्याने कुणाला तरी चहा सांगितला, आणि गरज नसताना थोडा वेळ बाहेरच थांबला. भिंगरी बाबांच्या खुर्चीशेजारी उभी होती. आपण त्यांना इथे ओढून आणलं, परक्या माणसासमोर, याची तिला इतकी शरम वाटली की पळून जावंसं वाटलं. त्याच वेळी तिला रागही येत होता, कुणावर ते मात्र कळत नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "चला, जाऊ या."

"जाऊ काय? आलोय कशाला?" बाबा म्हणाले. "ती पहिली दे इकडे."

मालक परत आला तेव्हा बाबा पहिला नमुना डाव्या हातात धरून बसले होते आणि भिंगरी दोर ओढत होती. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. चहा निवला.

"शेठ," शेवटी बाबा म्हणाले, "पहिलीच बरोबर होती. बाकीच्या दोन उगाच करायला लावल्या तुम्हाला."

"चालायचंच," मालक म्हणाला. "तिसरी करताना आम्हीही एक नवं शिकलो. एवढा बारीक शेंडा करू नये ते."

बाबा हसले. तिघंही हसले, जरा जास्तच.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. भिंगरी जागेवरून उठायची, वरची पिशवी नीट करायची, बसायची, पुन्हा उठायची. कंडक्टर ओरडला, "बाई, बसा बघू एका जागी!" मग बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"बाबा, नका ना."

"खरं ते खरं. चांगल्या चांगल्या दांड्यांना नावं ठेवली मी. त्या जुन्या बिचारीला तर कपाटामागे उभं केलं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "डॉक्टरला सांगायला हवं, नाही का?"

"उद्याच जाऊ."

"उद्या तुझं दुकान आहे."

"खड्ड्यात गेलं दुकान," ती म्हणाली, आणि त्यानंतर घर येईपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. बाबांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

डॉक्टरांनी हाताला टाचणी लावून पाहिलं, गरम लावलं, गार लावलं. हाताचं बळ आलंय, जाणीव आलेली नाही, ते म्हणाले. येईल तर थोडी येईल, नाही तर नाही. यापुढे चुलीपाशी आणि सुरीपाशी जपायचं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाव्या हाताला काय करता येईल?" डॉक्टर म्हणाले, "सवय."

खंड्याचा माल आला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. चारदोन दांड्यांवर पक्ष्याची चोच वाकडी छापली गेली होती. नवऱ्याने त्या चोची ब्रशने सरळ केल्या. गिऱ्हाइकं आली, काहींनी नेहमीसारखी नुसती वाकवून पाहिली, काहींनी घेतली. धो धो नाही, पण खपू लागली. फोनवर ती मिळत नव्हती, एवढं मात्र खरं. एकाने विचारलं, "बाई, ही त्या मोठ्या कंपनीच्यापेक्षा उजवी का?" भिंगरीच्या ओठांवर जुनी शपथ आली होती. ती तिने गिळली. "एकाच भट्टीतून निघतात," ती म्हणाली. "शेंडा आम्ही वेगळा करून घेतलाय. हातात धरा, दोर ओढून दाखवते." त्याने धरली, तिने ओढला, आणि त्याने घेतली.

बाबा रविवारी तळ्यावर गेले. एकट्याने जाणं जमेना. गळाचं टोक उजव्या बोटात शिरलं तरी त्यांना कळत नसे, म्हणून आमिष लावायला भिंगरी बरोबर असायची. डाव्या हाताने टाकलेला दोर आधी झुडपात गेला, मग बाबांच्याच टोपीला लागला. पलीकडच्या काठावरचे जुने सोबती बघत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि पुन्हा टाकला.

"तू बस जरा," ते लेकीला म्हणाले. "तुझ्या पावलांनी मासे दुसऱ्या तळ्यात जातील."

ती एका दगडावर बसली. उठली. दुसऱ्या दगडावर बसली.

"आला!" बाबा ओरडले. दांडी वाकली, दोर सरसर पाण्यात ओढला गेला. बाबांनी उजवा हात रिळाच्या मुठीवर नेला, फिरवायला लागले, आणि हात घसरला. पुन्हा धरली, पुन्हा घसरला. ती मूठ इवलीशी, बोटांना ती धरलीय की सुटलीय तेच समजेना. भिंगरी धावली, पण तोवर दोर एकदम सैल पडला.

मासा गेला होता. बाबा लाल झाले होते, धापा टाकत होते, आणि इतक्या मोठ्याने शिव्या घालत होते की पलीकडचे सोबती हसू लागले. "लागला होता! केवढा होता, पाहिलंस? लागला होता गं! दांडीने सांगितलं मला. या रिळाच्या नानाची टांग, याची मूठ कुणाच्या बापाला धरता येते?"

भिंगरीचा फोन तोवर तिच्या कानाला लागलेला होता. "शेठ, मी बोलतेय. रिळाची मूठ मोठी करून मिळेल का? मोठी म्हणजे चांगली लिंबाएवढी."

"बाई, आज रविवार आहे," मालक म्हणाला. "आणि आम्ही रिळं करत नाही."

"मग कोण करतं?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकत ऐकत काठाने चालू लागली.

"पावलं!" बाबा मागून ओरडले, आणि डाव्या हाताने दोर पुन्हा पाण्यात फेकला.